'अन्टिल' की 'बाय'? 'पर्यंत'कडे नको, क्रियापदाकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पुण्यात एका आयटी कंपनीत काम करतो. अमेरिकेतल्या क्लायंटला मेल लिहिला, 'आय विल सेंड द रिपोर्ट अन्टिल फ्रायडे'. टीम लीडने 'अन्टिल' खोडून 'बाय' केलं, पण कारण विचारलं तर तिलाही नीट सांगता आलं नाही. शब्दकोशात दोन्ही शब्दांसमोर 'पर्यंत' असंच दिलंय. मग फरक काय? 'टिल' आणि 'अन्टिल' यांत शुद्ध कोणतं? आणि आमच्याकडे सगळे 'टिल डेट' लिहितात, ते चालतं का?"

तुमच्या टीम लीडची दुरुस्ती बरोबर आहे. कारण सांगता आलं नाही यात तिचा दोष नाही, कारण ते इंग्रजीच्या पुस्तकात शोधलं तर चटकन सापडत नाही. अडचण इंग्रजी शब्दांची नाहीच मुळी. आपलं 'पर्यंत' एकटं इतकी कामं करतं की इंग्रजीत त्यासाठी चार-पाच वेगवेगळे शब्द लागतात. त्यातले 'अन्टिल' आणि 'बाय' हे दोन एकमेकांच्या जागी वापरले की वाक्य नुसतं कानाला खटकत नाही, अर्थही बदलतो. मी करारपत्रं, निविदा, जाहीर सूचना यांची भाषांतरं करते, मराठीतून इंग्रजीत आणि उलटही. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मसुद्यांत या एका शब्दावर जितकं लाल करावं लागतं तितकं क्वचितच दुसऱ्या कशावर लागत असेल.

आणि हे फक्त आपलं दुखणं नाही. जर्मन भाषेतही 'बिस' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, त्यामुळे जर्मन माणूसही इंग्रजी मेलमध्ये हुबेहूब तुमच्यासारखंच वाक्य लिहितो. तेव्हा आपलं इंग्रजी कच्चं म्हणून मनाला लावून घेऊ नका.

आता मुद्दा. सरकारी जाहिरातीतली ही दोन वाक्यं बघा. 'अर्ज ३१ तारखेपर्यंत स्वीकारले जातील.' 'उमेदवारांनी अर्ज ३१ तारखेपर्यंत पाठवावेत.' तारीख तीच, शब्द तोच. इंग्रजीत मात्र पहिल्याला 'अन्टिल' लागतं आणि दुसऱ्याला 'बाय'. का? कारण स्वीकारण्याचं काम रोज चालू आहे. आज चालू, उद्या चालू, परवा चालू, आणि ३१ला ते थांबणार. पाठवण्याचं काम प्रत्येक उमेदवार एकदाच करणार. तो ते १२ला करेल, २०ला करेल किंवा शेवटच्या दिवशी धावत जाऊन करेल. काहीतरी सतत चालू असतं आणि एका क्षणी थांबतं, तिथं 'अन्टिल'. एखादी गोष्ट एकदाच घडायची असते आणि ती अमुक क्षण उलटायच्या आत घडली पाहिजे, तिथं 'बाय'.

म्हणून तारखेकडे बघू नका, 'पर्यंत'कडेही बघू नका. क्रियापदाकडे बघा. थांबणं, राहणं, काम करणं, वाट बघणं, चालू असणं, बंद असणं, वैध असणं ही ताणता येणारी क्रियापदं आहेत, त्यांना 'अन्टिल'. पाठवणं, संपवणं, पोहोचणं, भरणं, परत करणं, कळवणं ही एका क्षणात पुरी होणारी, त्यांना 'बाय'.

काही क्रियापदं दोन्हीकडे जातात आणि खरी गंमत तिथंच आहे. 'मी पाचपर्यंत रिपोर्ट वाचतो' याचा अर्थ काय? पाच वाजेस्तोवर वाचत बसणार, की पाचच्या आत वाचून हातावेगळा करणार? मराठीत नुसत्या 'वाचतो'वरून कळत नाही. पण आपण बोलताना सहसा नुसतं 'वाचतो' म्हणतच नाही. 'वाचत बसतो' म्हणतो किंवा 'वाचून काढतो' म्हणतो. ही जोड-क्रियापदं हीच आपली खूण. 'करत राहतो', 'वाचत बसतो', 'बघत थांबतो' असं सहज म्हणता आलं तर इंग्रजीत 'अन्टिल'. 'करून टाकतो', 'वाचून काढतो', 'पाठवून देतो', 'आवरून ठेवतो' असं म्हणता आलं तर 'बाय'. जी गोष्ट इंग्रजी 'अन्टिल' आणि 'बाय'मधून सांगतं, ती आपण क्रियापदाच्या शेपटीत सांगतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी ही एवढीच परीक्षा करायला सांगते आणि बहुतेकांना ती पुरते.

तुमचं वाक्य या परीक्षेला लावा. 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवत राहतो' की 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवून देतो'? अर्थात दुसरं. म्हणून 'बाय'. पहिलं वाक्य वाचून क्लायंटला काय वाटलं असेल? बहुधा त्याने मनातल्या मनात दुरुस्त करून घेतलं असेल, कारण तुम्हाला काय म्हणायचंय ते संदर्भाने कळतं. पण अक्षरशः घेतलं तर त्याचा अर्थ होतो, तुम्ही आजपासून शुक्रवारपर्यंत तोच रिपोर्ट पुन्हा पुन्हा पाठवत राहणार आहात.

एक अपवाद वाटेल असं उदाहरण इथंच सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी ते पुढे करेल. 'यू कॅन सेंड द रिपोर्ट अन्टिल फ्रायडे' हे वाक्य बरोबर आहे. पाठवणं तर एकदाच आहे, मग 'अन्टिल' कसं? कारण इथं चालू आहे ती परवानगी. 'कॅन'मुळे वाक्य पाठवण्याबद्दल उरत नाही, पाठवायची मुभा कधीपर्यंत आहे याबद्दल होतं, आणि मुभा ही ताणता येणारी गोष्ट आहे. 'अर्ज स्वीकारले जातील' याचंच हे भावंड.

इथवर सोपं होतं. नकार आला की बरेच जण घसरतात, आणि पैशाचं नुकसान होतं तेही इथंच. दोन वाक्यं घ्या. 'दहा तारखेपर्यंत पैसे भरू नका.' 'दहा तारखेपर्यंत पैसे भरले नाहीत तर दंड लागेल.' पहिल्यात 'अन्टिल', दुसऱ्यात 'बाय'. पहिल्यात न भरण्याची स्थिती दहापर्यंत चालू ठेवायची आहे. म्हणजे नकार जोडला की एका क्षणात होणारी क्रियासुद्धा ताणली जाते: भरणं क्षणाचं असतं, न भरणं कितीही दिवस चालतं. दुसऱ्यात दहा ही मुदत आहे, तिच्या आत एक गोष्ट घडली की नाही एवढंच बघायचं आहे. आता दुसऱ्या वाक्यात चुकून 'अन्टिल' घाला: 'इफ यू डू नॉट पे अन्टिल द टेन्थ, अ पेनल्टी विल अप्लाय'. काटेकोर वाचणारा वकील याचा अर्थ लावेल की दहा तारीख येईस्तोवर थांबून मग पैसे भरले तर दंड. म्हणजे दहालाच भरणाराही अडकला. मुदतीच्या कलमात असली पळवाट कुणालाच नको असते.

याच घराण्यातलं आणखी एक वाक्य: 'ही डिडन्ट कम अन्टिल फाइव्ह'. आपल्याकडे याचं भाषांतर हमखास 'तो पाचपर्यंत आला नाही' असं होतं. ते पूर्ण खोटं नाही, पण अर्धं आहे. मराठी वाक्य ऐकून पुढचा प्रश्न येतो, 'मग नंतर आला का?' इंग्रजी वाक्यात त्याचं उत्तर आधीच दिलेलं आहे. आला, पाचला आला. आपल्याकडे यासाठी नेमकी रचना आहे: 'पाच वाजले तेव्हा कुठं तो आला'. 'नॉट अन्टिल' दिसलं की मी आधी 'तेव्हा कुठं' बसतं का ते बघते. 'नॉट अन्टिल द ऑडिट डिड वी नोटिस द एरर' म्हणजे 'ऑडिट झालं तेव्हा कुठं आमच्या चूक लक्षात आली'. उलट, तुम्हाला इंग्रजीत 'पाचपर्यंत तो आला नव्हता, पुढचं मला ठाऊक नाही' असं म्हणायचं असेल तर 'ही हॅडन्ट कम बाय फाइव्ह' लिहा.

आता 'जोपर्यंत... तोपर्यंत'. हे प्रकरण मी सविस्तर सांगणार आहे, कारण तुमच्या पुढच्या मेलमध्ये ही चूक होणार याची मला जवळजवळ खात्री आहे. मराठीत आपण म्हणतो, 'जोपर्यंत पैसे जमा होत नाहीत तोपर्यंत माल सोडू नका.' हे जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की होतं, 'डोन्ट रिलीज द गुड्स अन्टिल द पेमेंट इज नॉट रिसीव्हड'. आपल्याला ते बरोबर वाटतं, कारण आपल्या डोक्यात मराठी 'नाहीत' वाजत असतं. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र ते उलटं लागतं. योग्य वाक्यात 'नॉट' नाही: 'डोन्ट रिलीज द गुड्स अन्टिल द पेमेंट इज रिसीव्हड'.

मराठीतला तो 'नाही' चुकीचा आहे का? अजिबात नाही. 'जोपर्यंत' एक कालखंड सांगतो, आणि त्या अख्ख्या कालखंडात पैसे आलेले नसतात, म्हणून 'नाहीत' तिथं हवंच. 'अन्टिल' कालखंड सांगत नाही, त्याची कड सांगतं. त्या कडेवर पैसे आलेले असतात, म्हणून तिथं 'नॉट' नको. खरं तर आपलं 'जोपर्यंत' अर्थाने 'ॲज लाँग ॲज'च्या जास्त जवळ आहे. 'ॲज लाँग ॲज द पेमेंट इज नॉट रिसीव्हड, डोन्ट रिलीज द गुड्स' हे वाक्य तर्काला अगदी बरोबर आहे, फक्त कुणी असं लिहीत नाही. इटालियन आणि रशियन भाषांतही अशा जागी नकार येतो, त्यामुळे ही आपलीच काही विचित्र सवय आहे असंही नाही.

उपाय मराठीतच आहे. आपल्याकडे याच अर्थाची दुसरी रचना आहे आणि तिच्यात नकार नाही: 'पैसे जमा होईपर्यंत माल सोडू नका'. 'तो येईपर्यंत', 'सही होईपर्यंत', 'मंजुरी मिळेपर्यंत', बोलीत 'येईस्तोवर', 'होईस्तोवर'. मी स्वतः 'जोपर्यंत'चं वाक्य आधी मनात 'ईपर्यंत'मध्ये फिरवून घेते आणि मगच इंग्रजी करते. नकार आपोआप गळतो. कराराचा मसुदा मराठीतूनच येणार असेल तर ग्राहकालाही सांगते, बाबा रे, मुळातच असं लिही.

या रचनेत एक छोटा खड्डा आहे. 'तो येईपर्यंत' यात काळ दिसत नाही. 'तो येईपर्यंत मी थांबलो' आणि 'तो येईपर्यंत मी थांबेन', दोन्हीकडे 'येईपर्यंत'च. इंग्रजीत थांबणं भूतकाळात असेल तर 'अन्टिल ही केम', आणि भविष्यात असेल तर 'अन्टिल ही कम्स'. 'अन्टिल ही विल कम' मात्र कधीच नाही. आपल्याकडे शाळेत भविष्य म्हटलं की 'विल' हे इतकं पक्कं घोटून घेतात की ते काढायला वेळ लागतो. गोष्ट पुरी झाली पाहिजे यावर जोर द्यायचा असेल तर 'अन्टिल ही हॅज साइन्ड' असंही लिहितात. करारात मी तेच पसंत करते, कारण सही चालू आहे की झाली हा वाद उरत नाही.

'जोपर्यंत नाही' आणि 'नाही तर' यांची सरमिसळ होऊन 'अन्लेस'ही या गोंधळात येतं. एक गोष्ट घडणार आहे, फक्त केव्हा ते ठाऊक नाही, तिथं 'अन्टिल'. ती घडेलच याची खात्री नाही, तिथं 'अन्लेस'. 'पाऊस थांबेपर्यंत निघू नका', 'अन्टिल'. 'पाऊस थांबला नाही तर निघू नका', 'अन्लेस'. 'अन्लेस'च्या पोटात नकार आहेच, त्यामुळे त्यालाही आणखी 'नॉट' जोडू नका. करारांत 'अन्लेस अँड अन्टिल' अशी जोडगोळी दिसते. तिथं दोन्ही शक्यता बांधायच्या असतात, म्हणून ती खपते. साध्या मेलमध्ये ती कोर्टाच्या नोटिशीसारखी वाटते. सहकाऱ्याला लिहिताना दोनांतला एक निवडा.

'ईपर्यंत' दिसलं की डोळे झाकून 'अन्टिल', असंही मात्र करू नका. 'आम्ही स्टेशनवर पोहोचेपर्यंत गाडी गेली होती.' इथं गाडीचं जाणं एकदाच झालं, आणि ते आमच्या पोहोचण्याच्या आत झालं. म्हणजे हे 'बाय'चंच काम, फक्त पुढे तारखेऐवजी अख्खं वाक्य आलंय. 'बाय'च्या पुढे वाक्य सरळ जोडता येत नाही, म्हणून 'बाय द टाइम': 'बाय द टाइम वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट'. परीक्षा तीच: गाडी 'जात राहिली होती' की 'निघून गेली होती'?

आणि 'बाय नाऊ' या दोन शब्दांसाठी आपल्याकडे एक अस्सल शब्द आहे तो विसरू नका. 'शी मस्ट हॅव रीच्ड बाय नाऊ', 'एव्हाना ती पोहोचली असेल'. भाषांतरांत मला 'आतापर्यंत ती पोहोचली असेल' असं सारखं दिसतं. चुकीचं नाही, पण 'एव्हाना' असताना कशाला?

'आतापर्यंत'वरून तुमचा 'टिल डेट'चा प्रश्न. 'टिल डेट' भारतात सर्रास चालतं. बँकेच्या पत्रात, सरकारी टिपणीत, ऑफिसच्या मेलमध्ये, सगळीकडे. भारतीय वाचकाला ते खटकत नाही, आणि मी मुंबईतल्या कंपनीचं मुंबईतल्याच कंपनीला गेलेलं पत्र तपासत असेन तर त्यावर अडून बसत नाही. ब्रिटन-अमेरिकेत मात्र 'टू डेट' म्हणतात, आणि तुमचा क्लायंट अमेरिकेत आहे. तेव्हा 'टू डेट' लिहा, किंवा साधं 'सो फार'.

त्याहून जास्त नुकसान 'टिल नाऊ' करतं. 'आय हॅव नॉट रिसीव्हड द रिफंड टिल नाऊ.' लिहिणाऱ्याच्या मनात असतं, 'मला आतापर्यंत रिफंड मिळालेला नाही', म्हणजे अजूनही नाही. पण 'टिल नाऊ', 'अन्टिल नाऊ' यांत कड आली, आणि कड म्हणजे तिथं काहीतरी बदललं. 'आय हॅड नेव्हर ईटन सोलकढी अन्टिल नाऊ' म्हणणाऱ्याने नुकतीच सोलकढी प्यायलेली असते. (सोलकढी 'ईट' करतात का, हा वाद वेगळा, आमच्याकडे भातावर घेतात.) म्हणजे तुमच्या तक्रारीच्या मेलचा अर्थ 'आता कुठं रिफंड मिळाला' असा होऊ शकतो, आणि ग्राहक सेवेतला माणूस तक्रार बंद करून मोकळा. तिथं लिहा, 'आय हॅव नॉट रिसीव्हड द रिफंड यट'. 'अजून' म्हणायचं असेल तिथं 'यट', 'आतापर्यंत इतकं झालं' म्हणायचं असेल तिथं 'सो फार'.

'टिल' की 'अन्टिल'? दोन्ही शुद्ध. 'टिल' हा 'अन्टिल'चा तुकडा आहे असं पुष्कळांना वाटतं, पण वयाने 'टिल'च मोठा. जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडच्या बोलीत तो आढळतो आणि स्कँडिनेव्हियन भाषांतल्या 'टिल'शी त्याचं नातं आहे. 'अन्टिल' त्यानंतर, १२०० च्या सुमाराचा. त्यातलं 'अन्' नकाराचं नाही. तो 'इथवर' अशा अर्थाचा जुना शब्द आहे, तेव्हा 'अन्टिल' म्हणजे मुळात 'पर्यंत'ला लावलेलं आणखी एक 'पर्यंत'. वाक्याच्या सुरुवातीला आणि औपचारिक लिखाणात 'अन्टिल' जास्त शोभतं, बोलण्यात 'टिल' जास्त येतं. एवढंच. स्पेलिंग सांभाळा: 'टिल'ला शेवटी दोन एल, 'अन्टिल'ला एक. आधी ॲपॉस्ट्रॉफी आणि मग एकाच एलचं जे रूप दिसतं, ते 'अन्टिल'चं संक्षिप्त रूप समजून लिहिलेलं असतं, ऑफिसात नको. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरकडे तर 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच असं म्हणतात. तिकडचा क्लायंट मिळाला तर दचकू नका, पण उचलूही नका.

जागा आणि आकडे पटकन उरकते. 'दादरपर्यंत जातो' इथं 'अन्टिल' नको, 'ॲज फार ॲज दादर' किंवा 'अप टू दादर' म्हणा. 'शंभरपर्यंत माणसं' म्हणजे 'अप टू अ हंड्रेड'. 'दोन दिवसांत करतो' ही ठरावीक तारीख नाही, कालावधी आहे, म्हणून 'विदिन टू डेज'. आणि 'साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे आले' याला तर 'पर्यंत'चं भाषांतरच लागत नाही. 'इव्हन द प्यून केम' म्हटलं की पुरे.

आतापर्यंतचं सगळं मी बऱ्याच ठामपणे सांगितलं. पुढचं मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे: ती शेवटची तारीख धरायची की नाही? 'व्हॅलिड अन्टिल ५ जून' म्हणजे पाचला कूपन चालणार का? बहुतेक लोक चालणार असंच धरतात, पण 'क्लोज्ड अन्टिल ५ जून' अशी पाटी दिसली की तेच लोक पाचला दुकान उघडं असेल म्हणून जातात. शब्द तोच, तारीख तीच, एकात दिवस धरला आणि दुसऱ्यात सोडला. यात चूक कुणाचीच नाही. 'अन्टिल' कड दाखवतं, पण ती दिवसाच्या सुरुवातीला आहे की शेवटाला हे सांगत नाही. 'बाय फ्रायडे'चंही तेच. बहुतेक जण शुक्रवारचं ऑफिस सुटेपर्यंत असं समजतात, पण शुक्रवारी सकाळी टेबलावर हवं असं समजणारे साहेबही असतात.

आपल्या कायद्याने या भानगडीवर स्वतःपुरता इलाज केलेला आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ प्रमाणे केंद्रीय कायद्यात 'फ्रॉम' वापरलं की पहिला दिवस वगळला जातो आणि 'टू' वापरलं की शेवटचा दिवस धरला जातो. पुढच्याच कलम १० मध्ये आणखी एक सोय आहे: एखादी गोष्ट कोर्टात किंवा कार्यालयात ठरावीक दिवशी किंवा मुदतीत करायची असेल आणि त्या शेवटच्या दिवशी ते बंद असेल, तर त्यानंतर ते उघडेल त्या दिवशी केलेलंही मुदतीत धरतात. पण हे नियम कायद्यांच्या भाषेसाठी आहेत. दोन कंपन्यांमधल्या मेलला किंवा खाजगी कराराला ते आपोआप लागू होतील या भरवशावर राहू नका. तिथं तुम्ही काय लिहिलंय तेच बघतात.

म्हणून पैसा किंवा मुदत गुंतलेली असेल तिथं मी नुसतं 'बाय' किंवा 'अन्टिल' ठेवतच नाही. 'ऑन ऑर बिफोर ३१ मे' लिहिलं की ३१ आत आली. 'अप टू अँड इन्क्लूडिंग ३१ मे' लिहिलं की तीच गोष्ट 'अन्टिल'च्या बाजूने पक्की झाली. अमेरिकन लोकांकडे यासाठी 'थ्रू' हा सुटसुटीत शब्द आहे: 'मंडे थ्रू फ्रायडे' म्हटलं की शुक्रवार धरलेला. तुमच्या क्लायंटला तो लगेच कळेल, ब्रिटिश क्लायंटला थोडा परका वाटेल. भाड्याच्या करारात जागा सोडायची तारीख असेल तर मी वेळही घालते, कारण 'व्हेकेट बाय ३१ मे' यावर मालक सकाळी कुलूप घेऊन येतो आणि भाडेकरूचा टेम्पो संध्याकाळी ठरलेला असतो.

तुमच्या बाबतीत यात घड्याळाचीही भर आहे. पुण्यात शुक्रवारची मध्यरात्र होते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारची दुपार असते, उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात दीड, कारण ते लोक घड्याळ मागेपुढे करतात आणि आपण करत नाही. 'बाय फ्रायडे' वाचून क्लायंट त्याच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत निवांत थांबेल. तुम्ही तोवर शनिवारच्या झोपेत. उलट, तुम्ही तुमच्या शुक्रवारी सकाळीच पाठवलंत तर त्याच्याकडे अजून गुरुवारची रात्र आहे आणि तुमची वाहवा. यातलं काय हवं ते ठरवून वेळ आणि टाइम झोन दोन्ही लिहा: 'बाय ५ पीएम ईस्टर्न, फ्रायडे'.

सुट्टीच्या मेलचंही याच हिशेबात बघा. 'आय ॲम ऑन लीव्ह अन्टिल मंडे' वाचून निम्मे लोक सोमवारी तुम्हाला फोन करतील आणि निम्मे मंगळवारी. त्यात 'अन्टिल' ठेवूच नका, कामावर कधी येणार ते लिहा: 'आय विल बी बॅक ॲट वर्क ऑन ट्यूसडे'.